फादरांच्या विद्यापीठातून आलेली भाची आणि माझं हजेरीपत्रक

पऱ्हाटी
२८ डिसेंबर, रात्री १०.१५

बऱ्याच महिन्यांनी लिहिते आहे, लांबण लागेल, आधीच सांगते.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, पट एकोणतीस. डीएड करून नोकरीला लागले त्याला वीस वर्षं होऊन गेली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी यंदा बेंगळुरूला एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, पहिल्या वर्षाला आहे. कॅथलिक फादर लोकांचं विद्यापीठ आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिकडे नाताळची लांब सुट्टी असते. घरी दोन दिवस झोपा काढल्यावर म्हणाली, "मावशी, तुझ्या शाळेत येऊन बसू का?" आमच्याकडे सुट्टी फक्त पंचवीस तारखेची. म्हटलं ये. खरं सांगायचं तर मनात होतं, खिचडी वाढायला एक हात होईल.

ती मागे पोत्यावर बसली. काही बोलली नाही, फोन काढला नाही. मधल्या सुट्टीत विचारलं, "खिडकीपाशी बसतो तो कोण गं?"

म्हटलं, तो चौथीतला. अनियमित आहे.

"अनियमित म्हणजे कोणत्या दिवशी येत नाही?"

मला रागच आला. अनियमित म्हणजे अनियमित, त्याला कसला आला दिवस! संध्याकाळी तिने हजेरीपत्रक मागितलं. जूनपासून एकेका रकान्यावर बोट ठेवत गेली आणि मग पत्रक माझ्यासमोर फिरवून ठेवलं. मंगळवार. एखाददुसरा सोडला तर सगळे मंगळवार.

मंगळवारी आमच्या शेजारच्या मोठ्या गावाचा बाजार. त्या पोराचा बाप गेला आहे. कसा, ते आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माय बाजारात भाजीचं दुकान लावते. घरी दोन वर्षांची बहीण, तिला हा सांभाळतो. मजा अशी की यातलं काहीही मला नवीन नव्हतं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी मी त्या घरी दोनदा जाऊन आले आहे, ती लहानी माझ्या मांडीवर बसली आहे. बाजार माहीत, घर माहीत, पोरगा माहीत. सहा महिने मी लाल पेनने फुल्या मारल्या आणि शेऱ्यात 'अनि.' लिहिलं.

रात्री तिने तिची फिल्डवर्कची वही दाखवली. आठवड्यातले दोन दिवस ती एका वस्तीत जाते. तिथली मुलं कन्नड आणि तमिळ बोलणारी, हिला दोन्ही येत नाहीत. पहिल्या दिवशीच्या नोंदीत तिने लिहिलं होतं, 'मला काहीच समजलं नाही.' त्यावर तिच्या मॅडमनी पेन्सिलने लिहिलं होतं : काय समजलं नाही ते दोन पानं लिहून आण. आणि दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास त्या मॅडम हिला एकटीला समोर बसवून वहीतली वाक्यं वाचतात. 'मुलगा हट्टी आहे' असं लिहिलं तर विचारतात, हे तू पाहिलंस की ठरवलंस?

मला माझं डीएड आठवलं. पाठ टाचण मार्गदर्शकांकडून तपासून घ्यायचं, तक्ता रंगवायचा, पाठ घ्यायचा. मागे बसलेले सर निरीक्षण वहीत लिहायचे : आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य, प्रश्नांचे वितरण समान हवे. हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठ घ्यायच्या पाच पायऱ्या, मला आजही झोपेतून उठवून विचारली तर सांगता येईल. पण मागच्या बाकावरचं मूल का पेंगतं, असं मला दोन वर्षांत कोणी विचारलं नाही.

आता माझा प्रश्न. भाची म्हणते एमएसडब्ल्यू झालं की बीएड करीन आणि इकडेच शाळेवर लागीन. घरचे म्हणतात आधीच परक्या धर्माच्या कॉलेजात पाठवलं, आता आणखी दोन वर्षं कशाला. शिक्षक आणि समाजकार्यवाले, दोघांचं शिक्षण एका माणसाने घ्यावं का? त्याचा इकडे उपयोग होईल का? अनुभव असलेल्यांनी लिहा.

[संपादन : खाली काजवाताईंनी सुचवल्यावरून गावाचं आणि बाजाराचं नाव काढलं. शोधत बसू नका.]

खडूफळा
२८ डिसेंबर, रात्री १०.५२

वाचतोय. माझ्या वर्गात असे चार 'अनि.' आहेत. उद्या पत्रक काढून बघतो.

बोरीचा_बाप्या
२९ डिसेंबर, सकाळी ७.३०

ताई, लिवलं लय चांगलं तुमी. पन एक इचारतो, राग नका मानू. फी किती लागून रायली? इकडं कापसाले भाव नाही अन् पोरगी बेंगळुरूले. दुसरं म्हंजे आमच्या गावात म्हंतात का थे फादर लोक फुकट काई करत नाही. आज शिकवतीन, उद्या गळ्यात क्रूस घालतीन. खरं काय अन् खोटं काय, ज्याले माहीत असन त्यानं सांगा. मी वाद घालाले नाही आलो.

सेमिनरी_हिल
२९ डिसेंबर, सकाळी ९.१०

बाप्याभाऊ, मी सांगतो. माझं बीएस्सी नागपूरला सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेजात झालं. एसएफएस म्हणतात, सेमिनरी हिल्सवर आहे, १९५६ सालचं. मी हिंगणघाटकडचा, घरी सात एकर कोरडवाहू. तीन वर्षांत मला कोणी चर्चमध्ये चल म्हटलं नाही. हजेरी कमी पडली तेव्हा मात्र बापाला गावाहून बोलावून घेतलं, तो दिवस मी विसरणार नाही. बाप धोतर-टोपीत फादरसमोर बसला होता आणि फादर त्याच्याशी मराठीत पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या पिकावर, बोलत होते.

माझ्या बॅचच्या ख्रिश्चन मुलांना व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला वेगळं बसवायचे, बाकीच्यांना नीतिशिक्षण. बस, एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा
२९ डिसेंबर, सकाळी ९.२६

हिस्लॉप पण यांचंच ना?

सेमिनरी_हिल
२९ डिसेंबर, सकाळी ९.४०

नाही. हिस्लॉप १८८३ चं, स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं. ते प्रोटेस्टंट. आपल्याकडे सगळ्यांना एकच 'मिशनवाले' म्हणायची पद्धत, त्यातून हा घोळ होतो.

गुरुजी_वर्धा
२९ डिसेंबर, दुपारी ३.०५

मी निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा. पऱ्हाटीताई, लेख प्रांजळ आहे, पण एक कडू बोलतो. हजेरीपत्रकातून मंगळवार शोधायला बेंगळुरूला जावं लागतं का हो? आमचे जुने मास्तर गावातच राहायचे. कोणाची म्हैस व्याली आणि कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्यांना परिपाठाच्या आधी कळलेलं असायचं. आता मास्तर तालुक्याहून मोटारसायकलवर येतात आणि पाच वाजता जातात. त्यांना वेगळं 'फिल्डवर्क' शिकवावं लागणारच.

दुसरं. तुमच्या भाचीपुढे त्या दिवशी एक मुलगा होता. तुमच्यापुढे एकोणतीस, त्यात तीन इयत्ता एका खोलीत, वर यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरणं, आधारची जुळवणी, पोषण आहाराची रोजची माहिती. मागे पोत्यावर बसून पाहणाऱ्याला जे दिसतं ते फळ्यासमोर उभ्या माणसाला दिसत नाही. हे तुमचं न्यून समजू नका.

आणि हे सगळं आपल्याच मातीत होऊन गेलं आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामला नई तालीम, म्हणजे गांधीजींची हाताच्या कामातून शिक्षण देणारी शाळा, उभी राहिली. तिथे शिक्षक घडवताना त्याला सूत कातायला, संडास साफ करायला आणि गावाचा हिशेब मांडायला लावत. शाळा आणि गाव अशी दोन खाती नव्हतीच. ते काम चालवणारे आर्यनायकम हे सिलोनचे ख्रिस्ती, आशादेवी बंगालच्या. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे कार्यकर्ते घडवणारे कुमारप्पा, तेही ख्रिस्तीच. बाप्याभाऊंना सांगा, वर्ध्यात तेव्हाही लोकांनी गळ्यात क्रूस घातले नाहीत. खादी मात्र घातली.

सिपना
२९ डिसेंबर, रात्री ८.२०

मी मेळघाटात काम करते, धारणी तालुका. एमएसडब्ल्यू विदर्भातल्याच एका कॉलेजातून. नाव विचारू नका, कारण पुढे जे लिहिते आहे ते काही भूषणावह नाही.

आम्हालाही आठवड्याला दोन दिवस फिल्डवर्क होतं. कागदावर सगळं होतं, एजन्सी (जिथे काम करायला पाठवतात ती संस्था), सुपरवायझर, आयसी, जीसी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आयसी म्हणजे सुपरवायझरने एकेका विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या कामावर बोलायचं, जीसी म्हणजे गटात. आमची आयसी म्हणजे वहीवर सही. पंधरा जणांच्या वह्या एका दुपारी. सीनियरची वही मिळाली की तारखा बदलून उतरवायची, आमच्या बॅचची निम्मी 'व्यक्तिसहाय्य कार्या'ची प्रकरणं मागच्या बॅचमधून आलेली होती. एका दारुड्या बापाची केस तर माझ्या माहितीप्रमाणे पाच वर्षं चालली. तो माणूस खरा होता की नाही देव जाणे.

म्हणून पऱ्हाटीताईंच्या भाचीच्या वहीतली पेन्सिलची ओळ वाचून माझ्या पोटात कालवलं. मला ती ओळ कोणी लिहिली असती तर मेळघाटातली माझी पहिली तीन वर्षं वेगळी गेली असती.

इथल्या कोरकू आदिवासींची भाषा मराठीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. पहिलीत बसलेल्या कोरकू पोराला मास्तरांचं 'पाणी' कळत नाही, त्याच्या घरी 'डा' असतं. मी महिला बचत गटाच्या बैठका मराठीत घ्यायची, बाया माना डोलवायच्या, मी वहीत 'उत्तम प्रतिसाद' लिहायची. दीड वर्षाने एका म्हातारीने हसत हसत सांगितलं की बाई तू लवकर बोलणं संपवावं म्हणून आम्ही मान डोलवतो. 'मला काहीच समजलं नाही' हे वाक्य मी तेव्हा लिहायला हवं होतं.

आता नोकरीचं, कारण भावना बाजूला ठेवून ते सांगायलाच हवं. एमएसडब्ल्यूला इकडे कामं मिळतात : बाल संरक्षण कक्ष, उमेद (बचत गटांचं सरकारी अभियान), दवाखान्यातले समुपदेशक, वणी-बल्लारपूरकडे खाणींच्या सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामांत. पण अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. वकिलाला बार कौन्सिल आहे, नर्सला कौन्सिल आहे. सगळ्या समाजकार्यवाल्यांसाठी देशपातळीवर नोंदणीचं असं एक कौन्सिल नाही, म्हणून कोणीही बीए झालेला आमच्या जागी बसतो.

आणि बीएडबद्दल : पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. प्राथमिकला डीएलएडच (जुनं डीएड) लागतं. म्हणजे भाचीला मावशीसारखी शाळा हवी असेल तर रस्ता वेगळा आहे. बीएड केलं तर सहावीच्या पुढे. त्यातही टीईटी ही पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता परीक्षा, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. पहिली अभियोग्यता डिसेंबर २०१७ ला झाली, तेव्हापासून किती पोरं नुसती पोर्टलकडे बघत बसली आहेत ते आमच्या तालुक्यात येऊन बघा. लागली तरी आधी मानधनावरचे शिक्षण सेवक, प्राथमिकला महिना सोळा हजार.

पऱ्हाटी
२९ डिसेंबर, रात्री ९.०२

गुरुजी, तुमचं बोलणं लागलं आणि पटलंही. मी गावात राहत नाही, तालुक्याहूनच येते.

सिपनाताई, प्राथमिकचं ते निकालाचं भाचीला माहीतच नव्हतं. तिला धागा वाचायला दिला आहे. तोंड पाडून बसली आहे.

बाप्याभाऊ, फी आमच्या ऐपतीबाहेरची आहे. शैक्षणिक कर्ज घेतलं, जमीन तारण न ठेवता मिळालं हे नशीब.

काजवा
३० डिसेंबर, रात्री ११.४५

मी मूळची अकोल्याची, हिंदू घरातली, मुंबईत एका कॅथलिक संस्थेत शिकवते. आधी पऱ्हाटीताईंना विनंती : मूळ धाग्यातून गावाचं आणि बाजाराचं नाव काढा. बाप गेलेला, माय भाजी विकते, चौथीतला मुलगा, एवढ्यावरून त्या गावातलं कोणीही बोट दाखवेल. भाचीच्या वहीत मुलांची खरी नावं नसतील, पाहा. आमच्याकडे त्यावर पहिल्याच आठवड्यात कान पिळतात.

आता धर्माचं. कॅथलिक विद्यापीठ म्हणजे काय यावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली 'एक्स कोर्दे एक्लेसिए' नावाचं घटनापत्र काढलं. त्यात विद्यापीठाने कॅथलिक ओळख जपावी हे आहे, आणि तिथल्या प्रत्येकाच्या विवेकाचं स्वातंत्र्य पूर्णपणे मानावं हेही त्याच कलमात आहे. माझ्या अनुभवात दुसरा भाग पाळला जातो. पहिला भाग दिसतो तो असा : सभागृहात क्रूस, सत्राच्या सुरुवातीला प्रार्थना, काही विषयांवर व्यवस्थापनाची ठाम मतं. गर्भपात, घटस्फोट यांवर वर्गात मोकळी चर्चा होते, पण संस्थेच्या नावाने पत्रक निघणार नाही. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. भाचीने डोळे उघडे ठेवावेत, घाबरायचं कारण नाही.

बेंगळुरू म्हटलं की लोकांच्या तोंडी ख्राइस्टचं नाव येतं. (ताईंच्या भाचीचं तेच, असं मी म्हणत नाही.) १९६९ ला कॉलेज, २००८ ला अभिमत विद्यापीठ. चालवणारे सीएमआय फादर, केरळात मान्नानमला १८३१ साली सुरू झालेला संघ. त्यातले चावरा नावाचे फादर प्रत्येक चर्चजवळ शाळा काढा म्हणून मागे लागले होते, ते २०१४ साली संत घोषित झाले. आता गंमत ऐका : याच संघाकडे १९६२ साली चांदा मिशन सोपवलं गेलं. म्हणजे चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात काम करणारे केरळी फादर आणि बेंगळुरूचं ते चकचकीत आवार, दोन्हींचं मूळ एक. विदर्भाला हे लोक परके नाहीत, आपल्यालाच ठाऊक नसतं.

पण सगळं श्रेय फादरांना देऊ नका. आयसी, रेकॉर्डिंग, सुपरव्हिजन ही समाजकार्य शिक्षणाची सर्वसाधारण पद्धत आहे. टाटा इन्स्टिट्यूट १९३६ पासून, मुंबईचं निर्मला निकेतन १९५५ पासून, नागपुरातली कॉलेजं, सगळ्यांच्या अभ्यासक्रमात ती आहे. निर्मला निकेतन कॅथलिक सिस्टरांचं, टाटा नाही. सिपनाताईंच्या कॉलेजच्या कागदावरही ती होती, तिने लिहिलंच आहे. फरक पडतो तो सुपरवायझरकडे किती विद्यार्थी आहेत आणि त्याला त्या अर्ध्या तासाचा पगार मिळतो की नाही, यावर. आमच्याकडे एका शिक्षकामागे फिल्डवर्कचे आठ-दहा. फी जास्त आहे ती यासाठीही. अनुदानित कॉलेजात जागा भरल्या नाहीत आणि तासिका तत्त्वावरचे लोक घेतले तर आयसी कोण घेणार? त्यांना तासाचे पैसे मिळतात, वही वाचण्याचे नाहीत.

तरी एक गोष्ट मला त्यांच्याकडची वेगळी वाटली. जेझुइट हा कॅथलिक फादरांचा एक संघ, त्यांची शिकवण्याची एक रीत आहे, तिच्याही पाच पायऱ्या : संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन. पऱ्हाटीताईंनी हर्बार्टची पंचपदी काढली म्हणून आठवलं. हर्बार्टच्या पहिल्या पायरीवर आपण विचारतो, आजच्या घटकाबद्दल मुलांना आधी काय माहीत आहे? जेझुइटांच्या पहिल्या पायरीवर विचारतात, हे मूल आज कुठून उठून आलं आहे? दोन्ही 'पूर्वतयारी'च, पण एकीत धडा मध्यभागी आहे. आणि या फादर-सिस्टर लोकांना रोज रात्री दिवसभराचं मागे वळून पाहायची सवय असते, त्यांच्या साधनेचाच भाग आहे तो. जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेला. विद्यार्थ्याची वही वाचताना ती सवय उतरते. माझ्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या सिस्टरने मलाच विचारलं होतं, तू आज वर्गात कोणाकडे पाहिलं नाहीस? मी शिक्षिका होते तेव्हा, विद्यार्थिनी नाही.

बीएडचं सांगायचं तर एनसीटीईने, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने, २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं केलं, २०१५ पासून. त्यात शाळेत राहून काम करण्याचे वीस आठवडे आहेत. वीस आठवडे! मंगळवार सापडायला पुरेसे. पण बहुतेक ठिकाणी छात्राध्यापकाला काय करायला मिळतं? रजेवरच्या शिक्षकाचे तास आणि स्नेहसंमेलनाची तयारी.

झाडीपट्टी
३१ डिसेंबर, दुपारी १२.३०

मी गडचिरोलीकडे एका आश्रमशाळेत अधीक्षिका आहो. माझी एक गोष्ट सांगते. शाळा कोणती ते नाही सांगत.

सातवीतली मुलगी. थंडी सुरू झाली का आंघोळीला नाही म्हणे, पीटीला नाही म्हणे, गुडघे दुखते म्हणून बसून राहे. सगळे म्हणत, कामचोर आहे. मीपण म्हटलं. एकदा तर सकाळी थंड पाण्याखाली उभी केली, ते अजून डोळ्यासमोर येते. महिन्याभराने तपासणीत निघालं, सिकलसेल हा रक्ताचा आजार, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. थंडी, पाणी कमी पिणं, दगदग, यानेच तिचं दुखणं उठत होतं. नर्सबाईने सांगितलं तेव्हा समजलं.

आमच्या पूर्व विदर्भात हा आजार किती घरांत आहे सगळ्यांना माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात सिकलसेल आहे. म्हणजे त्या पोरीला परीक्षेत, खेळात, वसतिगृहात सवलत मागायचा हक्क होता. माझं बीएड झालेलं आहे, मानसशास्त्राच्या पेपरात मला छप्पन्न मार्क होते. सिकलसेल हा शब्द त्या दोन वर्षांत एकदाही आला नाही. पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या बुद्धीच्या वाढीच्या अवस्था आल्या.

मास्तरणीला आजार ओळखता आला पाहिजे असं नाही. पण 'कामचोर' लिहायच्या आधी कोणाला तरी विचारायचं असते आणि ते कोण, हे तरी शिकवा.

बोरीचा_बाप्या
३१ डिसेंबर, दुपारी १.०५

झाडीताई, डोळ्यात पानी आलं बापा. माह्या भाच्याले पन थेच हाये.

प्रशासक
३१ डिसेंबर, दुपारी ४.००

धर्मांतरावरचे तीन प्रतिसाद आणि त्यांना आलेली सात उत्तरं काढून टाकली आहेत. विषय शिक्षकांच्या आणि समाजकार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचा आहे. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

सिपना
१ जानेवारी, सकाळी १०.१५

झाडीताईंच्या 'ते कोण' या प्रश्नावर. प्रत्येक शिक्षकाच्या टेबलाच्या काचेखाली हे असावं : मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, गप्प बसणं गुन्हा आहे. 'आधी संस्थेत चौकशी करू' हा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही. हे मला एमएसडब्ल्यूत शिकवलं, तेही एका तासात. माझ्या ओळखीच्या बीएडवाल्यांपैकी निम्म्यांना कलम माहीत नाही.

भाचीने काय करावं याबद्दल माझं मत : एमएसडब्ल्यू पूर्ण करावं, आणि मास्तर व्हायच्या भानगडीत न पडता इकडच्या एखाद्या डीएलएड नाहीतर बीएड कॉलेजात जाऊन छात्राध्यापकांच्या आयसी घ्याव्यात. अशी पोस्ट अस्तित्वात नाही हे मला माहीत आहे.

गुरुजी_वर्धा
१ जानेवारी, सायंकाळी ६.४०

सिपना बेटा, पोस्ट अस्तित्वात नाही, पण केंद्र संमेलन अस्तित्वात आहे. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक एकत्र येतात. माझ्या काळात मी काय केलं? परिपत्रकं वाचून दाखवली आणि चहा पाजला. पंधरा वर्षं. एक शिक्षक, एक मूल, अर्धा तास, असं ठेवता आलं असतं. कोणी अडवलं नव्हतं.

खडूफळा
२ जानेवारी, रात्री ९.३०

पत्रक काढून बघितलं. चारपैकी दोघांचा काही वार सापडला नाही. तिसरा पाळीपाळीने येतो, भावाशी एकच चपलेचा जोड, एक आड एक दिवस. चौथी मुलगी महिन्यातून चार दिवस सलग येत नाही, सहावीची आहे. मी पुरुष शिक्षक, विचारू कसं? शाळेला मुलींसाठी वेगळं संडास आहे पण नळाला पाणी नाही. ग्रामपंचायतीला अर्ज दिला.

पऱ्हाटी
२१ जानेवारी, रात्री १०.४०

संक्रांतीच्या गडबडीत धागा मागे राहिला. सगळ्यांना तिळगूळ.

भाची तीन तारखेला परत गेली. जाताना तिच्या बापाने गाडीत बसेपर्यंत एकच विचारलं, बीएड की डीएलएड? तिने उत्तर दिलं नाही. काल फोनवर म्हणाली, तिच्या मॅडमना तिने हा धागा मराठीतून वाचून, अर्थ सांगून दाखवला. मॅडमनी सगळं ऐकून विचारलं, मावशीला न विचारता मावशीच्या हजेरीपत्रकाला हात लावलास तेव्हा मावशीला काय वाटलं? आता त्यावर ती दोन पानं लिहिते आहे. म्हटलं लिही, मावशी भडकली होती म्हणून लिही.

त्या पोराचं सांगते. मी अंगणवाडीत गेले, त्या लहानीला मंगळवारी बसवून घ्या म्हटलं. सेविका म्हणाली, मॅडम, तीन वर्षं पुरी झाल्याशिवाय माझ्या पटावर बसत नाही, तिचा घरी न्यायचा आहार मी देते, बसवायचा नियम नाही. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, आणा, पोत्यावर झोपवीन. पोरगा स्वतः तिला कडेवर घेऊन सोडून आला. दोन मंगळवार शाळेत आला. दुसऱ्या मंगळवारी भागाकार चालू होता, अर्ध्या तासात तीनदा खिडकीतून अंगणवाडीकडे पाहून आला, मी रागावले नाही.

काल तिसरा मंगळवार. नाही आला. मधल्या सुट्टीत जाऊन पाहिलं तर अंगणवाडीला कुलूप, सेविका आणि मदतनीस दोघी तालुक्याला प्रकल्प कार्यालयात मीटिंगला. फुली मारली, आणि शेजारच्या समासात शिसपेनने लिहिलं : 'अंगणवाडी बंद'. तपासणीत विचारतील तेव्हा बघू.